तापमान आधी ठरवा, मग पॉलिमर: ताडपत्रीपासून भिंतीच्या रंगापर्यंत

मे संपत आला की मुंबईत छपरांवर निळ्या ताडपत्र्या चढू लागतात. ही ताडपत्री कापलेल्या कडेपाशी धरून नीट बघितली तर तिच्यात दोन गोष्टी दिसतात. आत उभ्याआडव्या विणलेल्या चपट्या पट्ट्या असतात आणि दोन्ही बाजूंनी पातळ, मऊ मुलामा असतो. पट्ट्या इतक्या मजबूत की हाताने तुटत नाहीत. मुलामा मात्र नखाने खरवडला तरी सुटतो. पट्ट्या वजन पेलतात आणि मुलामा पाणी अडवतो. गंमत म्हणजे दोन्ही एकाच रसायनाचे बनलेले आहेत. पट्टी पॉलिइथिलीनची आणि मुलामाही पॉलिइथिलीनचाच. कार्बनचा एक अणू, त्याला हायड्रोजनचे दोन, मग पुन्हा कार्बन, अशी हजारो वेळा चालत गेलेली साखळी. मग एक कणखर आणि दुसरा मऊ कसा?

अशा लांब साखळ्यांच्या पदार्थाला पॉलिमर म्हणतात. हा प्रश्न नीट सुटला की पॉलिमर ‘घडवणं’ म्हणजे काय ते बरंचसं कळतं. आपण ‘प्लास्टिक’ हा एकच शब्द वापरतो आणि तो एकच पदार्थ असल्यासारखं बोलतो. प्रत्यक्षात पॉलिमरच्या नावावरून त्याच्या वागण्याबद्दल फार थोडं समजतं. साखळी किती लांब आहे, तिला फांद्या आहेत का, शेजारी कोण आहे, साखळ्या एकमेकींना बांधलेल्या आहेत का, आणि आत्ता तापमान किती आहे, हे कळल्याशिवाय काहीही ठामपणे सांगता येत नाही. यातलं शेवटचं, म्हणजे तापमान, सगळ्यात जास्त दुर्लक्षिलं जातं. म्हणून या लेखात मी त्याच्यावरच जास्त वेळ घालवणार आहे.

आधी ताडपत्रीचं कोडं सोडवू. १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत इथिलीन वायू प्रचंड दाबाखाली ठेवला असताना भांड्यात पांढरा मेणचट पदार्थ सापडला. ते पहिलं उपयोगी पॉलिइथिलीन. या पद्धतीत साखळी वाढता वाढता मध्येच स्वतःवर वळते आणि तिथून फांदी फुटते. फांद्या असलेल्या साखळ्या एकमेकींना खेटून बसू शकत नाहीत, त्यामुळे स्फटिक कमी, घनता कमी आणि माल मऊ. वितळायलाही तो साधारण ११० अंश सेल्सियसलाच लागतो. पुढे १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झीग्लर यांनी असा उत्प्रेरक शोधला की त्याच्या मदतीने साध्या दाबाखाली, जवळजवळ बिनफांद्यांच्या सरळ साखळ्या मिळू लागल्या. सरळ साखळ्या शिस्तीत रचल्या जातात. घनता वाढते, कडकपणा वाढतो आणि वितळण्याचं तापमान १३० च्या पुढे जातं. याच कामाबद्दल झीग्लर आणि इटलीचे ज्युलिओ नात्ता यांना १९६३ चं नोबेल मिळालं. ताडपत्रीतल्या पट्ट्या या सरळ साखळ्यांच्या असतात आणि मुलामा फांद्यांवाल्या साखळ्यांचा.

पट्ट्यांच्या बाबतीत आणखी एक करामत केलेली असते. फिल्म चिरून पट्ट्या काढल्यावर त्या गरम करून कित्येक पट ताणतात, त्यामुळे साखळ्या ताणाच्या दिशेने उभ्या राहतात. हे घरीही बघता येतं. दुधाच्या रिकाम्या पिशवीची बोटभर रुंदीची पट्टी कापा आणि दोन्ही टोकं धरून अगदी हळू ओढा. ती एका जागी बारीक होते आणि मग तुटण्याऐवजी तो बारीक भाग लांबत जातो. ताणून झालेला भाग चाचपून बघा, तो आता मूळ पट्टीपेक्षा चिवट लागतो. रसायन तसूभरही बदललेलं नाही, फक्त साखळ्यांची दिशा बदलली.

लांबीचं काम वेगळं. मेणबत्तीच्या मेणातही हेच कार्बन-हायड्रोजन असतात, पण साखळीत कार्बन वीस-तीस-चाळीस. तेच हजारांत गेले की पिशवी होते. साखळीचा रेणूभार काही दशलक्षांच्या घरात नेला की असं पॉलिइथिलीन मिळतं, जे गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यात घासपट्टी म्हणून वर्षानुवर्षं टिकतं. मग सगळंच लांब का करत नाहीत? कारण साखळ्या एकमेकींत गुंतण्याइतक्या लांब झाल्या की वितळलेल्या मालाचा घट्टपणा लांबीच्या साधारण ३.४ व्या घाताने वाढतो. लांबी दुप्पट केली तर माल दहापटीहून जास्त घट्ट. मशीन तो पुढे ढकलूच शकत नाही. पॉलिमरच्या कामात हे सतत होतं. एक गुण वाढवायला जावं तर दुसरा कुठेतरी हातातून निसटतो. डिझाइन म्हणजे या ओढाताणीत आपल्याला नेमकं काय हवंय ते ठरवणं.

आता तापमान. वितळणं आपल्याला माहीत असतं, पण बहुतेक पॉलिमरना त्याच्या बरंच खाली आणखी एक उंबरठा असतो. त्याच्याखाली साखळ्या जागच्या जागी थिजलेल्या असतात आणि माल काचेसारखा कडक, ठिसूळ असतो. त्याच्यावर गेलं की साखळ्यांचे तुकडे वळवळू लागतात आणि माल आधी चामड्यासारखा, मग रबरासारखा होतो. या उंबरठ्याला काचसंक्रमण तापमान म्हणतात. लॅबमध्ये आणि कारखान्यात सगळे नुसतं ‘टीजी’ म्हणतात, मीही तेच म्हणेन. पॉलिस्टायरीनचं टीजी १०० अंशांच्या आसपास, म्हणून त्याचा पेला आपल्या हवेत कडक असतो आणि दाबला की तडकतो. टायरमधल्या नैसर्गिक रबराचं टीजी शून्याखाली साठ-सत्तर अंश, म्हणून ते आपल्याला कायम लवचिक दिसतं. रबर हा पदार्थाचा कायमचा स्वभाव नाही. तो त्या तापमानातला स्वभाव आहे.

हे विसरण्याची किंमत जगाने एकदा भयंकर मोजली आहे. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि सातही अंतराळवीर गेले. त्या सकाळी फ्लोरिडात असाधारण थंडी होती. रॉकेटच्या सांध्यातली रबरी रिंग थंडीत इतकी सुस्त झाली होती की सांधा उघडताच तिला आपला आकार वेळेत परत घेता आला नाही. चौकशीच्या वेळी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्याच रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि सोडल्यावर तो फुगत नाही हे सगळ्यांसमोर दाखवलं. टीजी जवळ आलं की फक्त ‘लवचिक आहे का’ एवढं विचारून भागत नाही, ‘किती वेळात’ हेही विचारावं लागतं.

मुंबईत थंडीची भीती नाही. आपला त्रास उलट बाजूचा आहे, आणि तो बाहेरच्या भिंतीच्या रंगात सगळ्यात छान दिसतो.

आपण ज्याला इमल्शन म्हणतो तो रंग डब्यात दुधाळ असतो, कारण त्यात पॉलिमरचे अतिसूक्ष्म गोळे पाण्यात तरंगत असतात. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचाही काही अंश एवढा एकेक गोळा. रंगारी रोलर फिरवतो, पाणी उडून जातं, गोळे एकमेकांना खेटतात, चेपतात आणि शेवटी त्यांच्यातल्या साखळ्या शेजारच्या गोळ्यात शिरून एकसंध पापुद्रा बनतो. त्या वेळच्या तापमानाला गोळे मऊ असले तरच हे घडतं. टीजी जास्त असेल तर गोळे चेपतच नाहीत. पाणी उडून गेल्यावर मागे भुकटी उरते, बोट फिरवलं की हाताला पांढरं लागतं. टीजी फार कमी ठेवलं तर पापुद्रा सुरेख जमतो, पण एप्रिलच्या उन्हात पश्चिमेची भिंत तापली की तो चिकट होतो आणि रस्त्यावरची धूळ, काजळी, बांधकामाची पूड सगळं धरून ठेवतो. गडद रंगाची भिंत उन्हात पन्नास अंशांपुढेही जाते. वर्षभरात काळवंडलेल्या भिंतीला लोक ‘रंग हलका होता’ म्हणतात. अनेकदा रंग हलका नसतो, त्याचं टीजी त्या भिंतीसाठी चुकलेलं असतं.

मग टीजी हवं तिथे आणायचं कसं? दोन मोनोमर, म्हणजे साखळीत ओवायचे दोन वेगळे छोटे रेणू, घ्यायचे. मिथाइल मेथाक्रिलेटचं पॉलिमर कडक, टीजी साधारण १०५ अंश. ब्यूटाइल ॲक्रिलेटचं मऊ आणि चिकट, टीजी शून्याखाली ५४. दोन्ही मिसळून एकाच साखळीत ओवले की मधलं काहीतरी मिळतं. किती मधलं, याचा अंदाज देणारं साधं सूत्र टी. जी. फॉक्स यांनी १९५६ मध्ये मांडलं आणि ते आजही रोज वापरलं जातं. प्रत्येक मोनोमरचा वजनातला हिस्सा त्याच्या टीजीने भागायचा, दोन्ही उत्तरं मिळवायची आणि बेरजेने एकला भागायचं. तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, म्हणजे सेल्सियसमध्ये २७३ मिळवायचे.

करूनच बघू. कडक ६० टक्के, मऊ ४० टक्के. ०.६ भागिले ३७८ म्हणजे ०.००१५९. ०.४ भागिले २१९ म्हणजे ०.००१८३. बेरीज ०.००३४२, आणि एकला तिने भागलं की सुमारे २९३ केल्विन. म्हणजे २० अंश सेल्सियस. आता पन्नास-पन्नास करा, उत्तर ४ अंश येतं. सत्तर-तीस करा, ३७ अंश. फक्त दहा टक्के इकडचे तिकडे केले की उंबरठा सोळा-सतरा अंशांनी सरकतो. मला हे सूत्र फार आवडतं. कागद-पेन्सिल घेऊन दोन मिनिटांत कळतं की या भिंतीसाठी कुठून सुरुवात करायची. प्रत्यक्षात आकडा थोडा हलतो, पण सुरुवात बहुतेक वेळा योग्य जागी होते.

शिमल्यासाठी आणि मुंबईसाठी एकच उत्तर असणार नाही, हे यातून आपोआप निघतं. आपल्याकडे हवा क्वचितच पंधरा अंशांखाली जाते, त्यामुळे टीजी थोडं वर ठेवलं तरी पापुद्रा जमतो आणि भिंत कमी मळते. पण दमट हवा इथे वेगळी अडचण करते. पाणी उडायला वेळ लागतो, आणि गोळ्यांत मुरलेलं पाणी पॉलिमरला तात्पुरतं मऊही करतं. म्हणूनच सोसायट्या बाहेरचं रंगकाम दिवाळीनंतर काढून पावसाआधी हातावेगळं करतात. रंग पुरता पिकायच्या आत सर आली तर त्यातला साबणासारखा घटक धुपून भिंतीवर ओघळ उमटतात.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं गणित आणखी वेगळं. तिथे स्लॅबची भेग उन्हात बंद होते, रात्री उघडते आणि वरच्या थराला तिच्याबरोबर ताणावं लागतं. म्हणून मऊ मोनोमर ७० टक्क्यांपर्यंत नेतात, टीजी शून्याखाली वीसच्या पलीकडे जातं आणि थर रबरासारखा ताणला जातो. पण मग धूळ चिकटणार. यावर रसायनशास्त्रज्ञांनी काढलेली युक्ती मला या सगळ्या विषयातली सगळ्यात देखणी वाटते. उन्हातल्या अतिनील किरणांनी जागा होणारा बेंझोफिनोनसारखा घटक थोडासा मिसळतात. ऊन पडलं की थराच्या अगदी वरच्या भागातल्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि वरची कातडी कोरडी, कणखर होते. खालचा थर मऊच राहतो. ज्या उन्हाने माल चिकट व्हायचा, तेच ऊन त्याला चिकट होऊ देत नाही.

साखळीतच दुसरा मोनोमर ओवण्याऐवजी बाहेरून काही मिसळूनही टीजी खाली आणता येतं. पीव्हीसीचं बघा. निव्वळ पीव्हीसीचं टीजी ८० अंशांच्या आसपास, म्हणून पाण्याचा पाइप इतका ताठ असतो. त्याच पीव्हीसीत तेलासारखा प्लास्टिसायझर मुरवला की रेनकोट होतो, रिक्षाच्या सीटचं रेक्झिन होतं, विजेच्या वायरचं आवरण होतं. थंड होऊन गोळा झालेल्या शेवयांत तूप सोडलं की त्या मोकळ्या होतात, तसंच हे. साखळ्यांच्या मध्ये लहान रेणू शिरतात आणि त्या एकमेकींवरून सरकू लागतात. वॉल्डो सेमन यांनी १९२६ मध्ये अमेरिकेत हे शोधलं आणि तोवर निरुपयोगी मानलेलं पीव्हीसी घराघरांत पोचलं. पण जे बाहेरून मिसळलंय ते बाहेर पडूही शकतं. जुना रेनकोट घडीवर तडकतो तो त्यामुळे. काही थॅलेट प्लास्टिसायझर आरोग्याला घातक म्हणून लहान मुलांच्या खेळण्यांत मर्यादित केले गेले, तेही याच कारणाने. जिथे माणसाच्या अंगाशी किंवा तोंडाशी संबंध येतो तिथे मऊपणा साखळीतच ओवलेला बरा, असं माझं स्पष्ट मत आहे, मग तो महाग पडला तरी.

साखळीत ओवण्याचं एक सोपं उदाहरण पायातच असतं. इथिलीनच्या साखळीत थोडं व्हिनाइल असिटेट घातलं की त्याचे तुकडे रचनेत नीट बसत नाहीत, स्फटिक कमी होतात आणि माल मऊ होत जातो. पाच टक्क्यांच्या आसपास लवचिक फिल्म, अठराच्या आसपास चपलेचा तळवा, तिशीच्या जवळ गेलं की गरम करून लावायची डिंकाची कांडी किंवा सौर पॅनलमध्ये काचेखाली वितळवून घालतात तो थर. नाव तिन्हीचं एकच, ईव्हीए.

इथपर्यंतच्या सगळ्या उदाहरणांत गुण एकदा ठरवले की ठरले. पण काही पॉलिमर असे घडवतात की बाहेरची परिस्थिती बदलली की तेही वागणं बदलतात. पॉली-एन-आयसोप्रोपिलॅक्रिलामाइड हे त्यातलं सगळ्यात अभ्यासलेलं. उच्चारायला अवघड म्हणून ‘पीनायपॅम’ म्हणतात. साखर पाणी तापवल्यावर जास्त विरघळते, याचं नेमकं उलटं. थंड पाण्यात साखळ्या पाण्याच्या रेणूंना धरून पसरलेल्या असतात. ३२ अंश ओलांडले की पाण्याची पकड सुटते, साखळ्या आक्रसून गोळा होतात आणि स्वच्छ द्रावण काही क्षणांत दुधाळ होतं. आता ही बाटली मे महिन्यात मुंबईत पंख्याखाली टेबलावर ठेवली तर दुपारी ती आपोआप पांढरी होईल आणि एसी लावला की पुन्हा नितळ. युरोपातल्या प्रयोगशाळेत ‘खोलीच्या तापमानाला विरघळतं’ असं बिनधास्त लिहिता येतं, आपल्याकडे तेच वाक्य ऋतू सांगितल्याशिवाय खोटं ठरू शकतं.

हा ३२ चा आकडाही हलवता येतो. साखळीत पाण्याशी जास्त सलगी असलेले मोनोमर थोडे मिसळले की तो वर चढतो, पाण्याला टाळणारे मिसळले की खाली येतो. मीठ घातलं तरी खाली येतो. याचा उपयोग जपानमध्ये तेरुओ ओकानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार कल्पकतेने केला. पेशी वाढवायच्या बशीला या पॉलिमरचा अतिशय पातळ थर दिला. ३७ अंशांना थर आक्रसलेला असतो आणि पेशी त्याला चिकटून वाढतात. बशी वीस अंशांपर्यंत थंड केली की थर पाणी शोषून फुगतो आणि पेशींचा अख्खा पापुद्रा अलगद सुटून येतो. एरवी पेशी सोडवायला विकरं (एन्झाइम) वापरावी लागतात आणि त्यात पेशींमधले जोड तुटतात.

आपल्याकडेही या वाटेवर बरंच काम झालं आहे. गिरगावात वाढलेले, माटुंग्याच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेत शिकलेले डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमर आणि परिस्थितीनुसार बदलणाऱ्या जेलवर संशोधन केलं. १९३३ साली सुरू झालेलं यूडीसीटी आज आयसीटी म्हणून ओळखलं जातं आणि पॉलिमर व रंग-लेप यांचं शिक्षण तिथे आजही चालतं. बारावीनंतर या विषयाकडे बघणाऱ्या मुंबईच्या मुलांना हे कोणीतरी सांगायला हवं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

साखळ्या बांधण्याचा उल्लेख वर ओझरता आला. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना कच्चं रबर गंधकाबरोबर तापवल्यावर ते उन्हाळ्यात वितळत नाही आणि थंडीत तडकत नाही असं आढळलं. गंधक साखळ्यांमध्ये पूल बांधतो. शंभर भाग रबराला एक ते तीन भाग गंधक दिला की लवचिक रबर, तिसाच्या वर नेला की लाकडासारखं कडक एबोनाइट. बाळाच्या डायपरमधले दाणेही असेच बांधलेले असतात. सोडियम पॉलिॲक्रिलेटच्या साखळ्यांना पाण्याची इतकी ओढ की शुद्ध पाणी असेल तर स्वतःच्या वजनाच्या कित्येक शे पट ओढून घेतात, आणि पूल नसते तर विरघळूनच गेल्या असत्या. पूल कमी ठेवले तर दाणा जास्त पाणी घेतो पण लिबलिबीत होतो आणि बाळ बसलं की पाणी सोडतो. जास्त ठेवले तर कणखर, पण शोषण कमी. न वापरलेल्या डायपरमधले थोडे दाणे वाटीत घेऊन पाण्याने फुगवा आणि वर चमचाभर मीठ टाका. फुगलेला जेल बघता बघता पाणी सोडू लागतो. लघवीत क्षार असतातच, त्यामुळे डायपरची खरी क्षमता शुद्ध पाण्यातल्या आकड्यावरून कधीच मोजू नये.

या पुलांनीच एक मोठी अडचण उभी केली आहे. गंधकाने बांधलेलं टायर पुन्हा वितळवता येत नाही. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये प्लास्टिक वेगळं करणाऱ्या कामगारांना हे पुस्तकाशिवाय माहीत असतं. ते तुकडा वाजवून, वाकवून, जाळून वास घेऊन ओळखतात. पाण्याच्या टाकीत टाकला तर पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, पीव्हीसी आणि बाटल्यांचं पीईटी बुडतं. एका जातीचा माल वेगळा निघाला की त्याला भाव येतो. पण वेफर्सच्या पाकिटात दोन-तीन जाती आणि धातूचा मुलामा एकमेकांना चिकटवलेले असतात. पाकीट म्हणून ते उत्तम घडवलेलं आहे आणि भंगार म्हणून जवळजवळ बिनकामाचं. ज्यांनी ते घडवलं त्यांनी खाऊ कुरकुरीत राहण्याचा विचार केला, टाकीसमोर उभ्या असलेल्या माणसाचा केला नाही. आता तो विचार करणं भाग आहे.

त्या दिशेने दोन कामं मला आशेची वाटतात. २०११ मध्ये फ्रान्समधल्या लुडविक लीबलर यांच्या गटाने असे पूल बांधले जे गरम केल्यावर आपले जोडीदार बदलतात. पुलांची संख्या तीच राहते, पण माल तापवून पुन्हा घडवता येतो. त्याला व्हिट्रिमर म्हणतात. दुसरं काम जर्मनीत कोन्स्टान्झ विद्यापीठातलं, २०२१ चं. स्टेफान मेकिंग यांच्या गटाने पॉलिइथिलीनसारख्याच लांब साखळीत ठरावीक अंतरावर सुटू शकणारे दुवे ओवले. वनस्पती तेलापासून केलेल्या अठरा कार्बनांच्या तुकड्यांमध्ये एस्टर नावाचा एकेक दुवा. दुवे इतके विरळ की साखळ्या पूर्वीसारख्याच रचून बसतात आणि माल पॉलिइथिलीनसारखा वागतो. पण अल्कोहोलमध्ये तापवला की साखळी त्या दुव्यांपाशी सुटते आणि ९६ टक्क्यांहून जास्त मूळ तुकडे परत मिळतात, त्यांचीच पुन्हा तशीच साखळी करता येते. आज हे तुकडे तेलशुद्धीकरणातून येणाऱ्या इथिलीनपेक्षा महाग आहेत, आणि दुधाच्या पिशवीत एकेका पैशाचा हिशेब असतो. त्यामुळे पुढची मेहनत हे तुकडे स्वस्तात बनवणाऱ्या उत्प्रेरकांवर चालली आहे.